धावणाऱ्या पायांतील गुठळी

दवाखान्यात बसून गेल्या अनेक वर्षांत मी जी वाक्ये सर्वाधिक वेळा ऐकली, त्यांतील एक असे : “डॉक्टर, मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो, मला कसला धोका?” चालण्याचे महत्त्व मी स्वतःच रुग्णांना सांगत आलो असल्याने या प्रश्नाला उत्तर देताना मला जपून बोलावे लागते. चालणे उत्तमच, पण पहाटे चाललेला माणूस त्यानंतरचे पंधरा तास कसा बसतो, याचाही हिशेब शरीर ठेवीत असते. हे पटवून देण्यासाठी मी एका जपानी फुटबॉलपटूची हकिकत सांगतो. ती आज आपल्यालाही सांगावी, असे मनात आहे. प्रवासाचे बेत घरोघरी आखले जातात. त्यांत तिकिटे आणि व्हिसा यांची चौकशी पुष्कळ होते, पायांची मात्र कोणी करीत नाही.

या खेळाडूचे नाव नाओहिरो ताकाहारा. जन्म ४ जून १९७९, गाव फुजी पर्वताच्या पायथ्याजवळचे मिशिमा. हे गाव ज्या शिझुओका प्रांतात आहे, तो जपानमध्ये फुटबॉलचे माहेरघर मानला जातो. शालेय फुटबॉलमध्ये नाव कमावून १९९८ साली ताकाहारा त्याच प्रांतातील ज्युबिलो इवाता या व्यावसायिक संघात दाखल झाला. पुढच्याच वर्षी नायजेरियात झालेल्या युवा विश्वचषकात जपानने अंतिम फेरी गाठली. तिथे स्पेनकडून हार झाली, तरी त्या तुकडीला जपानी लोक ‘सुवर्ण पिढी’ म्हणू लागले. ताकाहारा त्या पिढीचा आघाडीचा खेळाडू होता. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये तो चमकला आणि त्याच वर्षी लेबनॉनमध्ये जपानने जिंकलेल्या आशियाई चषकात त्याने पाच गोल केले. वय होते अवघे एकवीस.

२००१ साली त्याला अर्जेंटिनातून बोलावणे आले, तेही माराडोना ज्या संघातून खेळला त्या बोका ज्युनियर्सकडून. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, परक्या भाषेत, परक्या हवामानात त्याने नशीब आजमावले. पण नेमक्या त्याच काळात अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली. ताकाहाराला मोजकेच सामने मिळाले, लीगमधला गोल एकच झाला, आणि २००२ च्या आरंभी तो इवाताला परतला. परदेशात गेलेल्या मुलाला हात हलवीत परतावे लागले की घरच्यांच्या मनात काय होते, हे आपल्याकडच्या कुटुंबांना सांगायला नको. परंतु ताकाहारापुढे त्याहून मोठी संधी उभी होती. आशिया खंडातला पहिला फुटबॉल विश्वचषक त्याच वर्षी जपान आणि दक्षिण कोरिया येथे भरणार होता. स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर विश्वचषक खेळण्याचे भाग्य खेळाडूला आयुष्यात क्वचितच लाभते.

त्या स्पर्धेच्या तयारीसाठी जपानचा संघ मार्च महिन्यात पोलंडला गेला. २७ मार्च रोजी वुच या शहरात झालेल्या सामन्यात जपानने पोलंडला दोन गोलांनी हरवले. त्यांतला दुसरा गोल ताकाहाराचा. विश्वचषकाच्या संघातले त्याचे स्थान पक्के झाले, असेच सर्वांना वाटले असणार. या दौऱ्याहून परतल्यानंतर त्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकल्याचे निदान झाले. कारण म्हणून पुढे आला तो लांबचा विमानप्रवास.

क्षणभर विचार करा. बावीस वर्षांचा तरुण, एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावणारा, ज्याच्या पोटऱ्या म्हणजे पोलादाच्या पहारा. त्याच्या पायांना विमानातल्या काही तासांच्या स्वस्थपणाने दगा दिला.

हे घडते कसे, ते समजून घेऊ. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. पण तिथून ते वर परत आणण्यासाठी हृदयाला मदतनीस लागतो. ते काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा हे स्नायू आवळतात, त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. शिरांमध्ये झडपा असल्याने ते मागे येत नाही. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. गुडघे मोडून, आसनाची कड मांडीखाली रुतवून आपण सात-आठ तास बसलो की हे दुसरे हृदय थांबते. रक्त संथ होते, साकळू लागते आणि शिरेच्या झडपांपाशी गुठळी धरते. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो. ती सुटली आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाऊन अडकली, तर श्वास कोंडतो. गुठळी मोठी असेल तर काही मिनिटांत प्राणही जातो. वैद्यकीय भाषेत पहिल्या अवस्थेला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस आणि दुसरीला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात.

जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरशॉ यांनी एकोणिसाव्या शतकातच या विषयाचा पाया घातला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात पाठ केली : रक्ताची गती मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. खेळाडूकडे पाहिले तर ही तिन्ही त्याच्या वाट्याला येऊ शकतात. सामन्यात पायांना मार बसतो, घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि लगेच विमानात बसून तासन्‌तास हालचाल बंद होते. शिवाय दुखणाऱ्या पोटरीकडे तो ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून दुर्लक्ष करतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिलाही २०११ साली, पायाच्या दुखापतीनंतर आणि शस्त्रक्रियेनंतर, फुप्फुसातील गुठळीला तोंड द्यावे लागले होते. तंदुरुस्ती हे अनेक रोगांविरुद्धचे कवच आहे, यात शंका नाही. मात्र या कवचाला जोड कुठे आहे, ते ठाऊक असावे.

लोकांनी या आजाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव दिले. नाव सुटसुटीत आहे, पण फसवे आहे. दोष स्वस्त तिकिटाचा नसून न हलण्याचा आहे. महागड्या आसनावर झोपून गेलेल्यालाही गुठळी होऊ शकते आणि विमानाचे तोंड न पाहिलेल्यालाही. १९४० साली लंडनवर जर्मन विमाने बॉम्ब टाकीत असताना हजारो लोक तळघरांतील निवाऱ्यांत खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. तिथे फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचे न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी नोंदवले. खुद्द जपानमध्ये २३ ऑक्टोबर २००४ रोजी निगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. पुन्हा धक्के बसतील या भीतीने असंख्य माणसे घराबाहेर, आपापल्या मोटारींत झोपू लागली. भूकंपातून वाचलेल्यांपैकी काही जण त्यानंतर याच गुठळीने दगावले. स्वच्छतागृहांची गैरसोय म्हणून अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, पाणी पिणेच कमी केले होते. रात्रीच्या बसने प्रवास करणाऱ्या आपल्या बायाबापड्या नेमके हेच करतात, हे आपण जाणताच.

आता पुन्हा ताकाहाराकडे वळू. निदान एप्रिलमध्ये झाले; स्पर्धा मेअखेर सुरू व्हायची होती. फुप्फुसात गुठळी झालेल्या रुग्णाला रक्ताची गोठण्याची क्षमता कमी करणारी औषधे द्यावी लागतात. ती साधारणपणे किमान तीन महिने चालतात. आपण त्यांना रक्त पातळ करणारी औषधे म्हणतो. खरे पाहता ती रक्त पातळ करीत नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत आणि दरम्यानच्या काळात शरीर जुनी गुठळी हळूहळू विरघळवते. ही औषधे चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ खेळणे म्हणजे संकटाला आमंत्रण. डोक्याला किंवा पोटाला बसलेल्या एखाद्या मारानेही आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. दोन वाटा होत्या, आणि त्यांतल्या एकीवर विश्वचषक होता. ताकाहाराचे नाव संघाच्या यादीत आले नाही.

त्या वर्षीचे विश्वचषकाचे सामने भारतात दुपारच्या वेळी दिसत. सकाळची तपासणी आटोपून संध्याकाळी दवाखाना उघडेपर्यंतचे दोन-तीन तास आम्हा फॅमिली डॉक्टरांचे हक्काचे. त्या वेळात मी जपानचे सामने पाहिले. ४ जून २००२ रोजी जपानने बेल्जियमला बरोबरीत रोखले आणि विश्वचषकातला आपला पहिलावहिला गुण मिळवला. पुढे जपानने रशियाला आणि ट्युनिशियाला हरवले आणि मग तुर्कस्तानकडून एका गोलाने हार पत्करली. आरंभी दिलेली जन्मतारीख आपल्या लक्षात असेल. बेल्जियमविरुद्धचा तो सामना ताकाहाराच्या तेविसाव्या वाढदिवशी होता. सारा देश निळे सदरे घालून रस्त्यावर उतरला होता. आणि जो मैदानावर असायला हवा होता, तो मैदानाबाहेर होता.

डॉक्टर म्हणून मला या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच थांबणे. औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात बहुतेक रुग्णांना बरे वाटू लागते. श्वास मोकळा झालेला असतो, सूज उतरलेली असते आणि मग घरातलेच कोणी म्हणते, “आता कशाला त्या गोळ्या? उगाच उष्णता होते.” गोळ्या बंद होतात, गुठळी परत येते. बरे वाटणे आणि बरे होणे यांच्यातले अंतर ओलांडण्यासाठी धीर लागतो. ज्याच्यासमोर आयुष्यातली सर्वांत मोठी स्पर्धा आहे, त्याला जर थांबावे लागते, तर आपल्याला लग्नसमारंभासाठी, निवृत्तीनंतरच्या सहलीसाठी किंवा केवळ कंटाळा आला म्हणून औषध सोडण्याची मुभा कशी असेल?

थांबलेल्या ताकाहाराचे पुढे काय झाले? त्याच वर्षी तो मैदानावर परतला आणि जपानच्या लीगमध्ये २६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. इवाताने त्या मोसमाचे दोन्ही टप्पे जिंकले. एप्रिलमध्ये फुप्फुसात गुठळी सापडलेल्या माणसाचे हे वर्ष! मुदतीचा उपचार संपवून परतलेले शरीर काय करू शकते, हे निराश रुग्णांना सांगताना मला या आकड्याची आठवण होते.

२००३ च्या जानेवारीत तो जर्मनीतील हॅम्बुर्ग संघाकडे गेला. फेब्रुवारीत बायर्न म्यूनिचविरुद्ध सामना होता. बायर्नचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याने त्या वेळी लीगमध्ये ८०० हून अधिक मिनिटे एकही गोल होऊ दिला नव्हता. सामना संपता संपता ताकाहाराने त्याच्या जाळ्यात चेंडू धाडला आणि ती मालिका खंडित केली. जर्मन प्रेक्षक त्याला ‘सुशी बॉम्बर’ म्हणू लागले.

पण कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपण अधिक लक्षपूर्वक वाचावा. जर्मनीत राहून राष्ट्रीय संघासाठी खेळायचे म्हणजे प्रत्येक बोलावण्याला जर्मनी ते आशिया असे अकरा-बारा तासांचे उड्डाण, आणि सामना होताच परतीचे. २००४ साली त्याच आजाराने पुन्हा डोके वर काढले. अथेन्स ऑलिंपिकच्या जपानी संघात तेवीस वर्षांहून मोठ्या खेळाडूंसाठीच्या मोजक्या जागांपैकी एकीवर त्याची निवड व्हायची होती. तीही संधी हुकली. एकदा गुठळी झालेल्या माणसाला ती पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून आपल्या कुटुंबात कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल, तर ती गोष्ट प्रत्येक नव्या डॉक्टरला, प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी आवर्जून सांगावी. जुनी फाइल कपाटात ठेवून भागत नाही.

दुसऱ्यांदा सावरूनही ताकाहारा खेळत राहिला. मे २००६ मध्ये यजमान जर्मनीविरुद्धच्या सराव सामन्यात जपानचे दोन्ही गोल त्याचे होते. चार वर्षांपूर्वी हुकलेला विश्वचषक तो अखेर त्या वर्षी खेळला. गोल झाला नाही आणि ब्राझीलविरुद्ध बदली म्हणून उतरल्यावर काही मिनिटांतच दुखापतीने बाहेर यावे लागले. पण त्यानंतरच्या मोसमात फ्रँकफुर्टकडून त्याने जर्मन लीगमध्ये ११ गोल केले, त्यांत एका सामन्यातले सलग तीन. २००७ च्या आशियाई चषकात तो सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता. पुढे मायदेशी परतून, मध्ये कोरियातही खेळून, अखेरीस त्याने दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर स्वतःचा क्लब उभारला, चाळिशी ओलांडल्यावरही त्यात तो खेळला आणि तिथल्या पडीक जमिनीवर कॉफी लावण्याच्या उपक्रमातही त्याने हात मातीत घातले. २००२ च्या त्या तीन महिन्यांच्या बदल्यात त्याला हे सारे आयुष्य मिळाले, असे मी मानतो.

आता आपल्या घराकडे येऊ. मुलगी किंवा सून परदेशी बाळंत होणार म्हणून पंधरा-सोळा तासांचे उड्डाण करणारे आजीआजोबा आता प्रत्येक आळीत आहेत. अशा एका निवृत्त शिक्षिका प्रवासाहून परतल्यानंतर आठवड्याने माझ्याकडे आल्या. डावी पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी. घरी चार दिवस कोमट तेलाने चोळणे चालू होते. डॉपलर सोनोग्राफीत खोल शिरेत गुठळी दिसली, उपचार वेळेवर सुरू झाले आणि त्या पूर्ण बऱ्या झाल्या. पण त्या चोळण्याची आठवण झाली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर एकच पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर ती चोळू नये, शेकू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो.

धोका किती, हेही नेमकेपणाने सांगतो. कारण भीती घालणे हा माझा हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ न हलता केलेल्या प्रवासाने गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते. तरीही निरोगी माणसात ती सुमारे ६००० प्रवाशांत एक इतकीच राहते. विमान, रेल्वे, बस, मोटार या सर्वांना हे लागू आहे. मात्र स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पायाचे प्लास्टर, गर्भारपण व बाळंतपणानंतरचे आठवडे, कर्करोग, पूर्वीची गुठळी आणि संप्रेरकांच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर हिशेब बदलतो. यात्रेला किंवा घरच्या पूजेला निघताना पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या भगिनींना माझे कळकळीचे सांगणे आहे : काही स्त्रियांमध्ये या गोळ्यांमुळे गुठळीची शक्यता वाढू शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

उपाय साधे आहेत. शक्य तर मार्गिकेकडेचे आसन घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चाला. बसल्या बसल्या टाचा टेकवून पंजे वर उचला, मग पंजे टेकवून टाचा उचला. हे दर अर्ध्या तासाने वीस वेळा करा. पायाखाली पिशव्या कोंबू नका, कपडे सैल ठेवा. पाणी पीत राहा. स्वच्छतागृहात जावे लागले तर तेवढीच पायांना चाल मिळते. मद्य आणि झोपेची गोळी प्रवासात टाळा, कारण त्यांनी माणूस एकाच स्थितीत निपचित पडून राहतो. ज्यांना धोका अधिक आहे त्यांनी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे किंवा औषध यांविषयी निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. आणि प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले किंवा भोवळ आली, तर ‘दगदगीने झाले असेल’ म्हणून घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे आणि मी लांबचा प्रवास केला आहे, हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे. तेवढ्या एका वाक्याने निदानाला योग्य दिशा मिळते.

या अंकाची पाने आपण बहुधा बसूनच वाचली असतील. आता उठा, पाण्याचा पेला भरून आणा आणि घरात जे कोणी टीव्हीपुढे किंवा संगणकापुढे दुपारपासून बसले असेल, त्यालाही उठवा.